ठोकलेल्या खिडक्या

किटलीचं झाकण खडखडलं, तशी रोतिया भानावर आली. घराबाहेरच्या मचाणावर ती पहाटेपासून बसून होती, मांडीवर काल मिळालेला तपासणीचा कागद. तिच्या थुंकीत क्षयाचे जंतू. क्षयरोग्यांच्या वॉर्डात यंदा आजारी पडलेली ती तिसरी नर्स.

"आई, पाणी उकळलं!" सहा वर्षांची तेरेतिया आतून ओरडली.

"हात लावू नकोस गं. मावशी उतरवेल."

कालपासून तिनं लेकीचा पापासुद्धा घेतला नव्हता.

मास्क चढवून ती दवाखान्यात गेली आणि मोठ्या साहेबांच्या दारातच उभी राहिली.

"बारानिको साहेब, मी औषधं घेत घरी बसते. पण आधी वॉर्डाच्या खिडक्या उघडा."

त्या वॉर्डाला दोन्ही अंगांनी खिडक्या होत्या. तारावा बेटावरचं समुद्राचं वारं इकडून शिरायचं आणि खोकला घेऊन तिकडून निघायचं. मग परदेशी पाहुण्यांनी एसी भेट दिला. पाहुण्याची भेट न वापरता ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं इथं मानतात. गारवा पळू नये म्हणून साहेबांनी खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. हवा कोंडली तर क्षय पसरेल, असं नर्सांनी तेव्हाच सांगितलं होतं. तोंडी, मग लेखी, मग रडून.

"अगं, पाहुणे पुढच्या महिन्यात पुन्हा येतायत. एसी बंद दिसला तर काय अब्रू राहील?"

"ते फोटो काढून जातात, साहेब. आत आठ-आठ तास श्वास कोण घेतं? तुम्ही?"

"आवाज खाली! तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी."

"माझ्या बापानं मला पेटीत कोंडलं नसतं!"

"एसी साहेबांच्याच खोलीत लावा," म्हातारी नर्स कतेरिना मागून म्हणाली. "डोकं त्यांचंच तापतंय." तिच्या हातात माळ्याची पहार होती.

ती पहार घेऊन रोतिया वॉर्डात शिरली. पहिली फळी करकरत निघाली.

"मी वर कळवीन!" साहेब मागून ओरडले.

"कळवा. सोबत आमची थुंकी पण पाठवा."

सगळ्या फळ्या निघाल्या तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते.

घरी तेरेतिया मचाणापासून चार हात लांब, वाळूत बसली.

"तुला कशानं झालं गं?"

"वॉर्डात हवा कोंडली होती, राणी."

"तुला माहीत होतं?"

"हो."

तेरेतियानं मुठीतली वाळू खाली सोडली.

"मग तू रोज का जायचीस, आई?"