आधी आवाज

माझा भाऊ पन्नाशीला आला तरी घरात बारक्याच आहे, आणि वागतोही तसाच. छापखान्यात तो कटिंग मशीनवरचा मुकादम. पातं खाली यायच्या आधी "हात काढ" म्हणून ओरडायचं, हे त्याचं मुख्य काम. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलं, तेव्हापासून तो मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो आणि पाटीवर लिहून बोलतो. पाटीवर लिहून कुणाची बोटं वाचत नाहीत. मालकांनी सांगितलंय, आवाज आला की ये, जागा तुझीच आहे.

आवाज येऊ शकतो. मानेत एक छोटी झडप बसवतात, भोकावर अंगठा दाबला की माणूस बोलतो. खरखरीत, पण बोलतो. डॉक्टरांची अट एकच, दारू पूर्ण बंद.

आता बारक्याची दारू म्हणजे काय, ते विचारू नका. वहिनी त्यापायी माहेरी गेली ती गेलीच. मी मात्र चिवट. तो दारात आला की म्हणायचे, "आ कर." तोंडाचा वास घेतला की सगळा हिशेब लागायचा. ऑपरेशननंतरही मी ते सोडलं नाही. रोज संध्याकाळी तो शहाण्या मुलासारखा आ करायचा. वास नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "थेंबही नाही. माझी गॅरंटी." झडपेची तारीख मिळाली.

आदल्या दिवशी सकाळी तो आरशासमोर मानेतली नळी साफ करत होता. हात इतका थरथरत होता की मी ब्रश हिसकावून घेतला. नळी काढायला वाकले, त्याने श्वास सोडला, आणि तो थेट माझ्या तोंडावर आला. दारूचा भपकारा.

याचा श्वास तोंडातून येतच नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मी मूर्खासारखी रोज तोंड हुंगत होते. तो गडी खुशाल चूळ भरून समोर उभा राहायचा.

भांडायला मी सुरुवात केली, पण भांडणात समोरूनही काहीतरी यावं लागतं. तो नुसते ओठ हलवत होता. मग पाटी ओढून त्याने लिहिलं, "ताई, उद्या काही बोलू नकोस."

गप्प बसावं असं मला फार वाटलं. पण भूल देताना याचं काही बरंवाईट झालं तर? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आधी व्यसनमुक्ती केंद्रात भरती करा. तिथून बाहेर पडले की झडप लगेच बसवू."

केंद्र मागच्याच गल्लीत होतं. तिथल्या बाई फार गोड. गोल मांडलेल्या खुर्च्या दाखवत म्हणाल्या, "आमच्याकडे औषधं कमी, बोलणं जास्त. रोज प्रत्येकाने सगळ्यांसमोर मन मोकळं करायचं." मग त्यांचं लक्ष त्याच्या मानेकडे गेलं.

"हे बोलतात ना?"

"लिहितो," मी म्हटलं. "भराभर लिहितो."

"तसं नाही हो जमत. शिवाय ही नळी सांभाळायला आमच्याकडे नर्सही नाही. तुम्ही आधी आवाज बसवून घ्या ना."

"आवाजवाल्यांनीच इकडे पाठवलंय."

"बोलते मी त्यांच्याशी," त्या म्हणाल्या, पण फोन काही उचलला नाही. "तोवर घरी दारू एकदम तोडू नका हं. रोज पिणाऱ्याची अचानक बंद केली की झटका येतो, जिवावर बेततं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा."

बारक्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. खांदे गदागदा हलत होते, आवाज शून्य. मलाही हसू फुटलं. बाई बावरून बघत राहिल्या. त्याचं हसणं संपून रडणं कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही.

डॉक्टरांना विचारायला परत गेलो, तर ते निघून गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सोमवारी या.

कालपासून मी त्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याचे दात वाजायला लागले, चादर घामाने भिजली. मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठली देऊ?" मला नाव सांगता येईना. आजवर त्याच्या इतक्या बाटल्या मोरीत ओतल्या, एकीवरचंही नाव वाचलं नव्हतं. माझ्याकडे निरखून बघत तो म्हणाला, "बारक्यादादांची का?" आणि काढून दिली.

घरी औषधाच्या मापात ओतली. बारक्याला माप धरवेना. मी त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि चमच्याचमच्याने भरवली. थोडी हनुवटीवरून ओघळली, ती भोकात जाऊ नये म्हणून पदराने टिपली. हळूहळू त्याची थरथर थांबली, श्वास एकसारखा झाला. मला इतकं हायसं वाटलं, की मी उठून बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती सांडू नये, फुटू नये अशी जपून कपाटात उभी करून ठेवली.