रेषेच्या वर दोन बोटं

शंकरसिंगने पुढच्या चाकाला लाथ घातली आणि ती त्यालाच लागली. अंगठा धरून तो नेरच्या रस्त्यावर एका पायावर उभा राहिला. बॉनेटखालून वाफ निघत होती. मागच्या सीटवरून त्याची मुलगी वर्षा म्हणाली, "पप्पा, आम्ही पायी निघू का?"

"बसा चुपचाप!" तो ओरडला, आणि लगेच स्वतःवरच चिडला. पोरींचा काय दोष?

गाडी पंधरा वर्षांची, डिझेलवरची, टर्बोवाली. तांड्यातल्या चार पोरी तिच्यातून रोज नेरला बारावीच्या वर्गाला जात. तांड्याच्या फाट्यावर एसटी दुपारी एकदाच थांबायची, म्हणून घरच्यांनी पोरींना शंकरसिंगच्या भरवशावर सोडलं होतं. बुधवारी पहिला पेपर होता. त्यांतल्या रंजिताला तर सोयरे पाहून गेले होते. एक पेपर चुकला की तिचं शिक्षण तिथंच संपणार, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. आणि आज शुक्रवार.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. जाताना तापमानाचा काटा निम्म्यावर राहायचा, परत येताना लाल रेघेला टेकायचा. बॉनेटखालच्या बाटलीतलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट तळाला गेलेलं असायचं. पण गाडीखाली एक थेंब सापडेल तर शपथ.

नेरचा मिस्त्री मारोतराव महिनाभर तिच्या मागे लागला होता. थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटर धुतला. पंखा तपासला, बाटलीचं झाकण नवं बसवलं. शेवटी त्याने वर्षाची लाल नेलपॉलिश मागवून बाटलीवर आडवी रेघ ओढली.

"संध्याकाळी इंजिन थंड झालं का या रेषेपर्यंत कूलंट भर. सकाळी पाह्य. उभ्या गाडीत किती कमी होते थे समजू दे."

शनिवारी सकाळी शंकरसिंग शेतातून आला, बॉनेट उघडलं आणि बघतच राहिला. कूलंट कमी झालं नव्हतं. रेषेच्या वर दोन बोटं चढलं होतं.

"चढलं?" फोनवर मारोतराव हसला. "शंकरभाऊ, गाडी हाय का म्हैस? रातभर पान्हावली का?"

"मी डोळ्यानं पाह्यलं मिस्त्री!"

"घरी कोणी टाकलं असंल."

शंकरसिंगने अंगणात उभं राहून विचारलं, "गाडीत कूलंट कोणी टाकलं का?" त्याची बायको जमनी चुलीपासून उठलीही नाही. "मले त्याचा डबा कुठं हाय थेच माहीत नाही." वर्षाने मान हलवली. बाजेवर बसलेला म्हातारा धावजी, शंकरसिंगचा बाप, म्हणाला, "मी तर थे कूलंट डोळ्यानं बी पाह्यलं नाही."

रविवारी गाडी नेरपर्यंत नेऊन आणली. येताना तेच, काटा लाल. संध्याकाळी त्याने रेषेपर्यंत भरलं. सोमवारी सकाळी पुन्हा दोन बोटं वर.

त्या सकाळी मारोतराव स्वतः मोटारसायकलवर तांड्यात आला. त्याचा विश्वासच बसत नव्हता. त्याने बाटली पाहिली, गाडीखाली वाकून पाहिलं, आणि हात पुसत उठला.

"हेड गॅस्केट गेलं, इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग. इंजिनातली हवा पाण्यात घुसून राह्यली, म्हणून वर चढते. हेड खोला लागते."

"किती दिवस?"

"यवतमाळला घासायले पाठवा लागंल. आठ-दहा दिवस धर."

"परवा पेपर हाय मिस्त्री!"

"मंग मी काय करू? गाडी मी बनवली का?"

"महिनाभर तू एकेक पार्ट बदलून राह्यला! आता म्हणतं हेड!"

"तू खरं सांगत नाही त्याले मी काय करू? रातच्यातून कूलंट वाढते म्हणे!"

"म्हणजे मी खोटा?"

जमनीने मध्ये चहा आणून ठेवला म्हणून दोघं गप्प झाले. चहा पिता पिता मारोतरावाने रागारागातच गाडी चालू केली आणि पाऊण तास चालूच ठेवली. मग त्याने नाक वर केलं. गरम लोखंडावर पाणी पडल्यासारखा वास. त्याने मोबाईलचा उजेड टर्बोच्या मागच्या बाजूला मारला. टर्बोतून कूलंट परत आणणाऱ्या रबरी पाइपाच्या टोकाशी बारीक चीर होती. थेंब तिथून गरम टर्बोवर पडत होता आणि जमिनीवर यायच्या आधीच वाफ होऊन जात होता.

"हे पाह्य! म्हणून खाली थेंब नाही!"

शंकरसिंगचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मारोतरावाचा चेहरा बदलला. गाडी बंद करून, सगळं निवाल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हरने पाइपाच्या टोकावरचा थर खरवडला आणि तळहातावर घेतला. पांढरा, चुन्यासारखा.

"शंकरभाऊ, तू भरतं थे कूलंट हिरवं. वाळलं तर हिरवं वाळाले पाह्यजे. हे पांढरं कुठून आलं? तुमच्या हंड्याच्या बुडाले असंच बसते ना?"

सगळ्यांनी हंड्याकडे पाहिलं. तांड्याच्या विहिरीचं पाणी जड, भांड्यांना पांढरा थर धरणारं.

"पाणी कोण टाकते गाडीत?"

"मी पाजतो," बाजेवरून धावजी म्हणाला.

शंकरसिंग गर्रकन बाजेकडे वळला. "बा! मी शनिवारी अंगणात उभं राहून इचारलं होतं!"

"तू कूलंट इचारलं. मी पाणी पाजतो. तू शेतात जातं, मंग तांब्याभर पाजतो. जनावर तसंच कोरडं रस्त्याले लावतात का? माह्या बापानं बैलाले कधी नाही लावलं."

"थे जनावर हाय का?"

"मले काय माहीत काय हाय थे? आणली तवा तूच बोट दाखवून सांगतलं, बा, हे तिचं पाणी प्यायचं तोंड."

मारोतराव हसू दाबायला पाठमोरा झाला. शंकरसिंगला ते आठवलं. चार वर्षांपूर्वी ही जुनी गाडी विकत आणली तेव्हा दारात उभी करून फुशारकीने त्यानेच झाकण उघडून दाखवलं होतं. आता ओरडायचं तरी कोणावर? चार वर्षं म्हातारा पाजत होता. चीर बारीक होती तोवर रोजच्या तांब्याने ती झाकली गेली, आणि मोठी झाल्यावर त्याच तांब्याने चांगलं इंजिन खोलायची पाळी आणली होती.

दुपारपर्यंत पाइप बदलून झाला. सगळं पाणी काढून नवं कूलंट भरलं. "आता एक थेंब बी पाणी टाकायचं नाही, बा," शंकरसिंग म्हणाला, आणि आवाज पाहिजे त्यापेक्षा चढाच निघाला. धावजीने तांब्या पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मंगळवारभर तो कोणाशी बोलला नाही.

बुधवारी शंकरसिंग शेतात गेलाच नाही. उजाडताच बाहेर आला तर म्हातारा गाडीपाशी उभा, हातात भरलेला तांब्या. शंकरसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बा!"

"तोंडात नाही टाकलं," धावजी म्हणाला, आणि तांब्या पुढच्या चाकावर रिता केला. "पायावर टाकलं. एवढं तर चालते ना?"

नेरला जाताना काटा निम्म्यावर राहिला. पोरी पेपर देऊन आल्या, रंजिता पुन्हापुन्हा एकच प्रश्न घोळवत होती, आणि शंकरसिंग रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहत होता. येतानाही काटा हलला नाही. संध्याकाळी इंजिन निवल्यावर त्याने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"रेषेवरच हाय, बा," तो बाजेकडे न बघता म्हणाला.

"मंग," धावजी म्हणाला, "आज तिले तहान नाही लागली."