खोटी हाळी

साल दोन हजार एकवीस. वैशाख लागला होता आणि खारजुईच्या उघाडीवर भर उन्हात बहीण-भाऊ भांडत होते.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली पाणी सोडायची झडप. गावात शिरायची वाट तिच्यावरूनच. खारजुईवाल्यांनी तिथे आडवा बांबू बांधला होता. बांबूच्या आत हौसा कमरेवर हात ठेवून उभी होती. बाहेर तिचा धाकटा भाऊ दाजी मोटारसायकलवर.

"बाय, येनार का नाय, येवढंच सांग."

"मना हलता येत नाय रे. जोळीत ठरलंय."

"तुमची जोळ घाला त्या चिखलात! पोराचं लगीन हाय माज्या. तू सख्खी आत्या, आन् मी धवलारीण काय भाड्यानं आनू?"

"लगीन पुढं ढकल. मिथुन काय म्हातारा झाला?"

"मांडव घातलाय. तिकडं अष्टमी गावात नवरीच्या घरी पावनी उतरल्यात. आमच्या कोळवटात कुनाला काय झालेलं नाय."

"झालं नाय, का कोन सांगत नाय?"

दाजीने गाडीला किक मारली. "येयाचं तर ये. नायतर तुजं म्हायेर मेलं असं समज," म्हणाला, आणि धूळ उडवत निघून गेला.

आगरी माणसाच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. हौसाच्या आईने ही लग्नाची गाणी तिच्या गळ्यात दिली होती. खाडीच्या दोन्ही अंगांच्या किती जोडप्यांना तिने गाऊन संसाराला लावले होते! आणि सख्ख्या भाच्याच्याच लग्नात तिचा आवाज नसावा?

एके काळी दोन्ही गावे सारखीच होती. दोन्हींचीही खारी जमीन, दोन्हींनाही खाडीचा बांध. बांध राखायला जोळ असायची, म्हणजे घरटी एक माणूस. बांधाला भगदाड पडले की कोणीतरी हाळी द्यायचे, "खांड पडली हो!" ती ऐकली की पानावरचा माणूस हात न धुता धावायचा. जो येणार नाही त्याच्या घरी ना कोणी हळदीला जायचे, ना मयताला. हौसा लहान असताना कोळवटच्या बांधावर तिच्या बापामागे चिखलाची ढेपे वाहायची. भरतीच्या पाण्यात बायका-पुरुषांची रांग लागायची, हातोहात ढेपे जायची, आणि रांगेतच कोणीतरी गाणे उचलायचे. तसे आवाज पुन्हा ऐकायला मिळाले नाहीत.

पुढे कोळवटवाल्यांनी जमिनी विकल्या. पोरे डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जाऊ लागली. घरांना टाइल्स लागल्या, अंगणात गाड्या आल्या. बांध कोणी बघेना, खारे पाणी आत आले, शेतात तिवरांची खारफुटी माजली. शेतच नाही तर जोळ कशाला? शेजारी आजारी आहे हे आता मोबाइलवर कळायचे. खारजुईला धड रस्ताही नव्हता, म्हणून जमीन विकली गेली नाही आणि जोळ राहिली.

साथ आली तेव्हा जोळीचा म्होरक्या महादेव याने नवे काही केले नाही. बांधावर सगळ्यांना बसवले, दोन-दोन हात सोडून, आणि म्हणाला, "पानी येतंय असं समजा. पेनच्या बाजाराला सगल्यांसाठी एकानंच जायाचं. भायेरून येईल त्यानं बांधावरच्या खोपीत रावाचं. त्याला जेवान पाळीनं." कुरकुर झाली, शिव्याही झाल्या, पण ठरलेले कोणी मोडले नाही.

ते हौसाने मोडले. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे ओहोटी लागली तशी ती चप्पल हातात घेऊन खाडीच्या चिखलातून माहेरी गेली.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दाजी धावत आला, तिच्या चिखलाच्या पायांवर त्याने स्वतः पाणी घातले. "माजी बाय आली रे!" म्हणून ओरडला. हौसा गायली. हळद लागताना गायली, नवरी मांडवात आली तेव्हा गायली. नवरी अष्टमीची, उर्वी नाव, डोळे मोठे आणि घाबरलेले. दाजीला मधूनमधून खोकला येत होता. "धुरानं," तो म्हणाला. हौसाने ऐकले आणि पुढचा धवला उचलला.

परत आली तेव्हा बांबूपाशी महादेव उभा होता.

"हौसावयनी, खोपी."

"दादूस, मी काय परकी हाय?"

"परकी असतीस तर हाकललं असतं."

खोपीत ती रागाने धुमसत राहिली. पण रोज एका घरचे ताट दगडावर येऊन पडायचे. कोणी वाकट्यांचे कालवण, कोणी तांदळाची भाकरी. बायका लांबूनच टोमणे मारायच्या, "काय गो धवलारनी, लग्नाचं बुंदीचं लाडू आनलंस का नाय आमाला?" तिला ताप भरला तेव्हा टोमणे थांबले. काढा येऊ लागला, आणि रात्री कोणीतरी लांब कंदील घेऊन बसू लागले.

तिचा ताप उतरतो न उतरतो तोच भर दुपारी फोन आला. उर्वी होती. हातावरची मेंदीही गेली नसेल अजून.

"आत्या, मामंजींना श्वास लागलाय. हे पण तापानं पडलेत. मी घरोघर गेले, सगळ्यांच्या दारात गाड्या आहेत, पण दार कोणी उघडत नाही. ॲम्ब्युलन्स सगळ्या बाहेर गेल्यात म्हणतात. पलीकडच्या घरात आजी गेली काल, तिला उचलायलाही कोणी नव्हतं."

हौसा खोपीच्या दारात आली. खाडीपलीकडे कोळवटची रंगीत घरे उन्हात चमकत होती. त्यातले पिवळे घर दाजीचे. तिने महादेवाला फोन लावला, तो उचलेना. मग ती बांधावर चढली, आणि जो गळा आयुष्यभर लग्नात वापरला त्या गळ्याने ओरडली,

"खांड पडली हो! खांड पडली!"

घरांची दारे धडाधड उघडली. फावडी, घमेली घेऊन माणसे धावत आली आणि सवयीने बांधावर रांगेत उभी राहिली, दोन-दोन हात सोडून. महादेव पुढे आला.

"कुठं पडली?"

"कुठंच नाय. बांध धड हाय. मी खोटी हाळी दिली. माजा भाव मरतोय, आन् त्याच्या गावात त्याला उचलाला मानूस नाय."

रांगेत एकच गलका उठला. खोटी हाळी! असले पाप खारजुईत कोणी केले नव्हते. "तुज्यापायी उद्या खरी खांड पडली तर कोन येईल गो?" एक म्हातारी किंचाळली. "त्यांनी वरात नाचवली, ती आमी निस्तरायची?" दुसरा म्हणाला.

हौसा रडली नाही. "मना काय सजा कराची ती करा," म्हणाली. "पन आलाव हाव तर तसंच परत जाव नका."

महादेव भरतीकडे बघत होता. पाणी चढत होते. "होडी काढा," तो म्हणाला. "दोगं जन बास. तोंडं बांधा, नीट बांधा. बाकीच्यांनी भात टाका, कोळवटात किती घरं पडून हायेत ते कलंल आताच."

भरतीच्या पाण्यावरून होडी दाजीला घेऊन अंतोऱ्याच्या बंदराला लागली, तिथून त्याला टेम्पोने पेणला नेले. दवाखान्यात खाट मिळाली. हौसा बांधावरून होडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. होडीतून त्याने हात वर केला, की होडी हलली म्हणून तो हलला, हे तिला आजही सांगता येत नाही.

दाजी गेला. उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले. त्याचे तोंडही कोणाला दिसले नाही. मिथुन वाचला. खारजुईचा भात पाऊस पडेपर्यंत कोळवटच्या ओट्यांवर पोचत राहिला आणि त्यावर कितीतरी घरे उभी राहिली. खारजुईत त्या सालात कोणी दगावले नाही.

कोळवटवाले पुढे दिवाळीपर्यंत दर रविवारी बैठकीला जमले. आपणही काहीतरी करू, म्हणाले. मग शिफ्ट सुरू झाल्या आणि बैठकीच्या सतरंज्या कोणाच्या घरी आहेत हेही आता कोणाला ठाऊक नाही. काही बायका उर्वीला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या. हौसाने भर ओट्यावर त्यांना सुनावले, "त्या पोरीनं काय केलं गो? जेवाला तुमी बसला हुता, गायाला मी उभी हुती." मिथुन कामावर परत गेला. त्याला आणि उर्वीला मुलगी झाली.

महादेव दोन वर्षांनी झोपेतच गेला. त्याचे पोरगे आता खारजुईची जमीन विकायच्या गोष्टी करते. रस्ता होणार आहे.

दाजी गेल्यानंतर हौसाने कुठल्याच मांडवात धवला गायला नाही. जोळीने तिला सजा दिली होती ती अशी, की पुढे कधीही खांड पडली तर पहिले ढेप हौसाचे. वय झाले तरी तिने ते उचलले, कोणाला हात लावू दिला नाही. मग गुडघे गेले.

गेल्या पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. हाळी झाली. हौसा दारात बसून ऐकत राहिली. थोड्या वेळाने बांधावरून आलेल्या शेजारणीने सांगितले, की कोळवटची कोण एक बाई साडी खोचून सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली. तिची इथे काडीचीही जमीन नाही. कोणी विचारले तर म्हणाली, पहिलं ढेप आत्याचं असतं, ती येऊ शकत नाही म्हणून मी आले.