खिडकीखालचं बाकडं

उमैमानं की-बोर्ड दमयंती मॅडमच्या पुढ्यात सरकवला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“इकडे बघू नकोस,” मॅडम म्हणाल्या. ती बघत नव्हतीच, तरी म्हणाल्या.

मॅडमच्या दवाखान्याचा सर्व्हर त्यांच्या केबिनमध्येच कोपऱ्यातल्या रॅकवर बसवलेला होता, कारण एसी काय तो तेवढ्या एका खोलीत. २००७ सालच्या त्या लोडशेडिंगमध्ये तो एसी नावालाच उरला होता, त्यामुळे खिडकी दिवसभर सताड उघडी. खिडकीला लागूनच, बाहेरच्या बाजूला, पेशंटांसाठी एक लाकडी बाकडं ठेवलेलं होतं. आत्ता त्यावर दोन बायका शहाळं पीत बसल्या होत्या. उमैमा त्यांच्याकडे बघत राहिली. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

मशीन आलं तेव्हापासून त्याची सगळी उस्तवार तिच्याकडे होती. आज सकाळपासून सेटअपचा निळा पडदा उघडून मॅडमच्या हुकमाप्रमाणे तिनं एकेक वाट बंद करत आणली होती. आता सीडी घालून मशीन कुणाला चालू करता येणार नव्हतं, पेन ड्राइव्ह लावला तरी ते ओळख देणार नव्हतं, आणि सेटिंग बदलायला पासवर्ड लागणार होता. इथपर्यंत ठीक होतं. वाजलं ते शेवटच्या ओळीवरून. मशीन नुसतं चालू करायलाही पासवर्ड हवा आणि तो आपल्याशिवाय कुणाला माहीत नको, असं मॅडमचं म्हणणं.

“मॅडम, लाईट आली की मशीन आपोआप उठावं म्हणून मी पॉवरचं सेटिंग केलंय,” उमैमानं सांगून पाहिलं होतं. “पण चालू व्हायलाच पासवर्ड ठेवलात, तर ते उठून नुसतं विचारत बसेल. तुम्ही नेमक्या इथे नसलात तर?”

“मी इथे नसते तेव्हाचीच तर काळजी आहे.”

महिन्यापूर्वी आलियाचा रिपोर्ट फुटला होता. आलिया उमैमाच्याच मोहल्ल्यातली, राजिवड्याची, लग्न ठरलेलं. हिला मूल होणं अवघड आहे, हे तिच्या स्वतःच्या घरी कळण्याआधी होणाऱ्या सासरी पोचलं आणि लग्न मोडलं. रिपोर्ट कागदावर उतरलाच नव्हता. तो फक्त मशीनमध्ये होता आणि मशीनपाशी कोण बसतं हे सगळ्या गावाला ठाऊक. तेव्हापासून आलियाची आई उमैमाच्या सलामाला उत्तर देत नव्हती. उमैमाच्या अम्मीला मोहल्ल्यातल्या लग्नांची बोलावणी येईनाशी झाली होती. मॅडमनी तिला काढून टाकलं नव्हतं हे खरं, पण ‘तू केलं नाहीस’ असंही त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. त्यामुळे आज तिनं दिलेला रास्त सल्लासुद्धा चोरानं कुलपाबद्दल मत द्यावं तसा ऐकू गेला. उमैमाला रडू नाही आलं, संताप आला.

“ए... एल... ओ...” मागून दबका आवाज आला. मॅडम एका बोटानं बटणं शोधत होत्या आणि जे दाबतील ते पुटपुटत होत्या. “आर... ई...”

अलोरे. मॅडमचे वडील कोयना प्रकल्पावर होते आणि मॅडमचं बालपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं होतं. कुठलाही विषय काढा, फिरून फिरून अलोऱ्यावर यायचा. उमैमाला वाटलं, कान झाकून घ्यावेत. पण कान झाकले असते तर ऐकू आलं हे कळलं असतं, आणि सांगायला गेलं तर मुद्दाम कान देऊन ऐकलं असं झालं असतं. पासवर्ड पडताळणीसाठी पुन्हा टाकावा लागतो. मॅडमनी तो पुन्हा टाकला, पुन्हा पुटपुटल्या.

“झालं. आता निश्चिंत,” मॅडम म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मॅडम भाचीच्या लग्नाला गुहागरला गेल्या. दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी. शिपाई गंगाराम मागच्या अंगणात जनरेटरशी झटापट करत होता, तोवर ती चार आचके देऊन संपली आणि मशीन पडलं. जनरेटर धडधडायला लागला, मशीन शहाण्यासारखं आपोआप उठलं आणि काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत बसलं.

उमैमा त्या पडद्यासमोरच होती. एवढ्यात भूल देणारे डॉक्टर गुरुप्रसाद केबिनमध्ये घुसले. त्यांच्यामागून एक बाई आली आणि दारातच थांबली. तिच्या हातात पुरुषी चपलांचा जोड होता.

“महिपत नावाचा पेशंट. अपेंडिक्स फुटलंय, टेबलावर घेतोय,” डॉक्टर म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी इथेच हर्नियाचं ऑपरेशन झालंय. त्याची नोंद काढ, लवकर. अहो बाई, मगाशी काय म्हणालात ते हिला सांगा.”

“भूल दिलानी नि ह्येंचा श्वासच परत येयना,” बाई म्हणाली. ती महिपतची बायको, चिमा. “मग आला कसातरी. तवाचं डाक्टर बोललं, पुन्ना कदी आप्रेशन झालं तर आदी सांगा.”

“कुठल्या औषधानं झालं, ते काही सांगितलं होतं?”

“ता मला काय ठावं? चिठी दिलानी व्हती, ती वाळवीनं खाल्लान. काम्प्युटरमंदी हाय म्हनालं.”

तेव्हाचे भूल देणारे डॉक्टर केव्हाच अमेरिकेला गेले होते. गुरुप्रसादांनी घड्याळाकडे पाहिलं.

“कोल्हापूरला हलवलं तर घाटातच...” चिमाकडे लक्ष जाताच ते थांबले. “उमैमा, काढ ना नोंद.”

“मशीन पासवर्ड मागतंय. मॅडमनी ठेवलाय.”

“मग टाक.”

“मला सांगितलेला नाही.”

हे अक्षरशः खरं होतं. डॉक्टरांनी मॅडमचा मोबाइल लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. लग्नघरचा नंबर कुणाकडे नव्हता.

“सर्जन हात धुऊन उभे आहेत,” ते म्हणाले. “मी अंदाजानं भूल देऊ का? लागला तर लागला, नाहीतर...”

उमैमाला पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं. हीच पाच अक्षरं टाकली की महिनाभराचा संशय तिच्याच हातानं शाबीत होणार होता. मॅडमनी कुणालाही न सांगितलेला पासवर्ड हिला येतो, म्हणजे रिपोर्टही हिनंच फोडला. याला पुराव्याची गरज राहणार नव्हती. नोकरी जाईल. अम्मी मान वर करून मोहल्ल्यातून चालणार नाही. आणि नाही टाकलं तर कुणी तिला एक शब्द बोलणार नव्हतं. तिला सांगितलेलाच नव्हता ना! एवढं सोपं होतं. चिमानं चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

उमैमानं ओढणीला तळहात पुसले.

“डॉक्टर, तुम्ही इथेच माझ्या मागे उभे राहा. मी काय काय उघडते ते सगळं बघा.”

“अगं, पण तुला तर...”

“बघा फक्त.”

तिनं पाच बटणं दाबली. पडदा क्षणभर तसाच राहिला, मग रॅकमधले पंखे मोठ्यानं फिरायला लागले. मशीन स्वतःची एकेक तपासणी करत सुरू व्हायला लागलं. त्याला कुणाच्या अपेंडिक्सची घाई नव्हती. डॉक्टर तिच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत होते. अखेर यादी उघडली, महिपतचं नाव आलं, नोंद आली. स्कोलिन दिल्यावर श्वास परत यायला तीन तास लागले, तोवर कृत्रिम श्वासावर ठेवलं. हे औषध पुन्हा देऊ नये.

गुरुप्रसादांनी ते दोनदा वाचलं.

“तेच भरून ठेवलंय सिरिंजमध्ये,” ते म्हणाले, आणि धावत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम परतल्या त्या थेट केबिनमध्ये. वॉर्डात महिपत शुद्धीवर होता, चहा मागत होता. रात्रीत सगळा वृत्तान्त त्यांच्या कानावर गेलेला असणारच; त्या चिडलेल्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा काही बरा नव्हता.

“मशीन कोणी चालू केलं?”

“मी.”

“पासवर्ड?”

“तुम्ही टाकत होतात तेव्हा ऐकला,” उमैमा म्हणाली. रात्रभर घोकलेलं सगळं बोलणं विसरून हे एवढंच तोंडातून निघालं. “टाइप करताना तुम्ही पुटपुटता, मॅडम.”

“मी? काहीतरीच!” मॅडम ताडकन म्हणाल्या. “माणूस वाचवलास, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण म्हणून माझ्यावर ढकलू नकोस. एवढी वर्षं झाली, मला कुणी असं म्हटलेलं नाही.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढून महिपतचा सकाळचा रिपोर्ट उघडला. विषय त्यांच्यापुरता संपला होता. एक माणूस जगला, आणि तरी आपण जिथल्या तिथे. राजीनामा कसा लिहितात याचा ती विचार करायला लागली.

“पांढऱ्या पेशी सोळा हजार...” मॅडमचे ओठ हलत होते. “हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन...”

“नऊ म्हंजे कमी काय वो, बाय?” खिडकीबाहेरून आवाज आला.

मॅडमचं बोट बटणावर तसंच राहिलं. खिडकीखालच्या बाकड्यावरून चिमा उठून उभी राहिली. गजांपलीकडे तिचा काळजीचा चेहरा दिसला.

“ह्येंचंच वाचताव ना? कमी आसलं तर मी नाचनी खायाला घालीन.”

“कमी आहे थोडं,” मॅडम कशाबशा म्हणाल्या. “भरून निघेल. तुम्ही वॉर्डात जाऊन बसा.”

चिमा गेली. मॅडम त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिल्या. उमैमाही बघत होती. रोज सकाळी कोण कोण बसायचं तिथे! कुठून कुठून आलेल्या बायका. कुणी कुणाची मावशी, कुणी कुणाची होणारी सासू. आलियाचा रिपोर्टही मॅडमनी याच खुर्चीत बसून वाचला होता.

मग मॅडमनी गंगारामला हाक मारली.

“हे बाकडं उचल इथून. पलीकडे फणसाखाली ठेव.”

“आत्ता?” गंगाराम म्हणाला. “इतकी वर्सं हितंच हाय की.”

“आत्ता.”

तो पुटपुटत बाकडं ओढत घेऊन गेला. मॅडमनी की-बोर्ड उमैमाच्या पुढ्यात सरकवला.

“चालू करायचा तो पासवर्ड काढून टाक. तू म्हणालीस तसं असू दे.”

उमैमानं सेटअप उघडलं, ती ओळ मोकळी केली, जतन केलं. हे व्हायलाच हवं होतं, पण तिला हवं होतं ते हे नव्हतं. मॅडमकडे न बघता ती म्हणाली,

“मशीनचं झालं, मॅडम. आलियाच्या आईला कोण सांगणार?”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाहेर पेशंटांची गर्दी व्हायला लागली होती, पहिला नंबर कुणाचा यावरून कुरबूर ऐकू येत होती. त्यांनी ड्रॉवरमधून गाडीची किल्ली काढली.

“राजिवड्यात गाडी कुठपर्यंत जाते गं?”

“मशिदीपर्यंत,” उमैमा म्हणाली. “पुढे चालावं लागतं.”