माझ्यावर टेकलेले पाय

मी एक जुने लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. गुडघ्याएवढेही उंच नाही. सुताराने मला बसण्यासाठी नव्हे, तर पाय ठेवण्यासाठी घडवले. "चांगलं गुळगुळीत कर बाबा, दुखरे पाय टेकणार आहेत," असे डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितले होते. त्याने मन लावून रंधा मारला.

बाई त्वचेच्या डॉक्टर. या भागात नखांची बुरशी किती पसरली आहे आणि का, हे पाहायला त्या मला गाडीत टाकून हिंडल्या. मासळी धुण्याच्या शेडमध्ये, गोठ्यांवर, कपडे धुण्याच्या कारखान्यात. दिवसभर पाण्यात भिजलेले, बुटांत कोंडलेले पाय माझ्यावर टेकले. कुणाची नखे पिवळी, कुणाची जाड, कुणाची खडूसारखी भुगा होणारी. पाण्यात राबणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची हीच गत. पाय पुढे करताना सगळ्यांच्या माना खाली.

एका वसतिगृहात भांडी घासणाऱ्या मावशी भेटल्या. हसतमुख, पण तोंडाच्या फटकळ. तिथे रबरी बूट मोजकेच. जिची कामाची पाळी, तिने तेच ओले बूट चढवायचे. मावशींच्या अंगठ्यावर नेलपॉलिशचा जाड थर होता.

"याखाली काय लपवलंय, मावशी?"

"कुठे काय, बाई! म्हातारपणी जरा नटावंसं वाटलं."

सगळ्या बायका खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. मावशींना साखरेचा आजार होता.

"दवाखान्यात या. नक्की या."

"येते की!"

पण त्या आल्या नाहीत. जाडजूड नख बुटात टोचू लागले, तेव्हा त्यांनी ते ब्लेडने तासले. जखम झाली. साखरेने पाय बधिर झालेला, त्यामुळे ती कळलीच नाही. अखेर त्या आल्या तेव्हा अंगठा काळा पडला होता.

"इतके दिवस काय केलंत, मावशी?"

"नखच तर होतं, बाई. नखासाठी कोणी कामाला दांडी मारतं का?"

मोठ्या इस्पितळात त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

परवा त्या कुबड्या टेकत आल्या. सोबत मुलगी होती. आईच्या जागी आता तीच भांडी घासते. बाईंनी मला पुढे सरकवले, तशा मावशी म्हणाल्या, "माझं राहू द्या. आधी हिचे पाय बघा."

"मला काही झालेलं नाही गं, आई."

"मोजे काढ म्हणते ना!"

तिने कचरत पाय टेकला. नखाच्या कडेला पिवळी रेघ होती.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "औषध बरेच महिने घ्यावं लागेल, पण बरं होतं हे."

मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझंही बरं झालं असतं?"

बाई मुलीच्या पायाशी वाकून राहिल्या.

मित्रांनो, पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. दुसऱ्याचे ओले बूट घालू नका. आणि घरात कुणी आपले नख लपवत असेल, तर त्याला हसू नका. हाताला धरून दवाखान्यात घेऊन या.