मरम्मतीचं घर

"साहेब, त्या भिंतीला हात लावू नका!"

धुरपताबाई ओरडतच आतून आली आणि वीरुपाक्षाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्याने नुसती बोटाने टकटक केली होती, तरी मूठभर माती त्याच्या धोतरावर सांडली. भादव्याची झड नुकतीच उघडली होती. भिंत खालून छातीपर्यंत ओली होती आणि आतल्या बाजूने तिला चांगलंच पोट सुटलं होतं.

"घर जुनंच हाय आमचं," धुरपताबाई घाईघाईने म्हणाली. "ही काय, माज्या सासऱ्याच्या हातची भिंत. आमी निस्ती मरम्मत केलीय."

झरी गावात हे उत्तर वीरुपाक्षाने सकाळपासून घरोघरी ऐकलं होतं. तो परभणीच्या कचेरीतला कारकून. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि नव्या सरकारला सगळ्याचे आकडे हवे होते. गावात नवी घरं किती झाली, त्यांतली किती परवाना काढून झाली आणि किती तशीच, एवढंच विचारून यायचं होतं. झरीचा आकडा आजवर शून्याच्या वर कधी गेला नव्हता.

तसं झरीत बांधकाम कमी नव्हतं. पण निजामाच्या काळात नव्या घराला इजाजत लागायची आणि ती काढता काढता माणसाच्या चपला झिजायच्या. मरम्मतीला मात्र कुणी विचारत नसे. मग गावाने आपली तोड काढली होती. रस्त्याकडची एक जुनी भिंत तशीच उभी ठेवायची आणि तिच्या मागे नव्या मेढीचे खांब, वर मातीचं नवं माळवद, सगळं घर नवं करायचं. भिंत जुनी तर घर जुनं. सगळं गाव असं एकेका म्हाताऱ्या भिंतीच्या आडोशाला राहत होतं. आधीचे कारकूनही हे ओळखून होते. ते चहा प्यायचे, शून्य लिहायचे आणि संध्याकाळची मोटार धरायचे.

वीरुपाक्षही तेच करणार होता. त्याच्या हातून दुसरं काही होण्यासारखं नव्हतंच. घाबरायला त्याला कारण लागत नसे आणि आता तर कारणंही मुबलक झाली होती. सारं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठीची खात्यातली परीक्षा कशीबशी पदरात पडलेली, त्यात हेडक्लार्क नवा आलेला. तो नुसता खाकरला तरी वीरुपाक्ष उठून उभा राही. "तुमी कचेरीच्या मांजरालाबी सलाम करताव," असं त्याची बायको नीलम्मा म्हणे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

"बरं, जुनं," तो म्हणाला आणि निघण्यासाठी वळला. तेव्हा त्याला कडूबाई दिसली. धुरपताबाईची ही सून त्याच भिंतीच्या बुडाशी, भुईवर वाकळ टाकून पडली होती. दिवस अगदी भरत आले होते. तिला उठवत नव्हतं, तरी साहेब आला म्हणून तिने पदर सारखा केला.

"हिला इथं कामून निजवलं?" वीरुपाक्षाने विचारलं.

"माळवदाची माती बसली न्हाई अजून, मागल्या खोल्या गळायल्यात साहेब. कोरडी जागा हीच. बाळंतपन बी इथंच करावं लागतंय, हिच्या माहेरी कोन उरलंय?"

"अहो, पण ही भिंत यिल की अंगावर! पाडा ही."

धुरपताबाईने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज एकदम खाली आणला.

"पाडली की घर नवं झालं. मग परवाना कुटंय म्हनताल. पाथरीकडं त्या भुजंगाचं घर मेढीसगट उतरवलं सरकारनं, आईकलं न्हाई का? आन रझाकाराच्या साली असंच कोनतरी घरं मोजून गेलं. कोन व्हतं, कुनाचं व्हतं, देवाला ठावं. त्याच हप्त्यात गल्ली जळाली. आमची एवढी एक भिंत ऱ्हायली."

"आकडा निस्ता मुंबईला जातोय बाई. त्यानं काय व्हत नस्तंय."

"तुमच्यानं लिहून देववतं का तसं?"

विनापरवाना म्हणून नोंद झाली की पाठोपाठ नोटीस जाते, हे वीरुपाक्षाला ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली, शून्य लिहिलं आणि पायात वहाणा सरकवल्या.

मोटारीला अजून अवकाश होता. तो पाराशी जाऊन बसला. बाजूला कुणीतरी गाडीतून ज्वारीचं पोतं धप्पकन खाली टाकलं आणि वीरुपाक्ष ताडकन उभा राहिला. पोतंच होतं ते. पण पुढचा धप्प आवाज पोत्याचा नसला तर? एक वाट त्याला माहीत होती. पावसाने पडझड झालेल्या घराला पाटलाच्या दाखल्यावर नव्याने बांधायचा परवाना मिळत असे, फार चौकशी होत नसे. म्हणजे भिंत पडायला हवी होती, फक्त तिच्याखाली कुणी असता कामा नये. पण हे सांगायचं म्हणजे सरकारी माणसाने सरकारला फसवायला शिकवायचं. नोकरी गेली तर दुसरं काय येत होतं त्याला? उर्दूत सुरेख अक्षर, त्याला आता कोण विचारतं?

मोटार आली. ती चिखल उडवत परभणीकडे गेली, तेव्हा वीरुपाक्ष पुन्हा धुरपताबाईच्या दारात उभा होता.

"भिंत पावसानं पडली," तो म्हणाला.

"न्हाई साहेब, हाय की उभी."

"मी म्हनतो, पावसानं पडली. तुमी बसवंतराव पाटलाकडून तसं लिहून आना. सुनेला भाईर काढा. आन बैलं कुटंयत?"

सरकारी माणूस गोड बोलतोय म्हणजे यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, हे धुरपताबाईच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण मग तिची नजर त्याच्या हातांकडे गेली. ते तिच्याइतकेच कापत होते. तिने शेतातून मुलाला, वैजीनाथाला, बैलांसकट बोलावून घेतलं.

कडूबाईला शेजारी सारजाबाईच्या अंगणात नेऊन बसवलं. वैजीनाथाने मोटेचा जाडजूड नाडा भिंतीतल्या जुन्या तुळईला बांधला आणि बैलांना चुचकारलं. नाडा ताणला गेला. भिंत जरा वेळ तशीच राहिली, मग मधोमध वाकली आणि सगळीच्या सगळी रस्त्यावर आली. गल्लीतली दारं भराभर लागली. धुरळा बसला तेव्हा मागचं घर उघडं पडलं होतं. कोवळ्या पिवळ्या लाकडाच्या मेढी, सारवलेल्या भिंती, सगळं कोरं करकरीत. ते जुनं आहे असं आंधळ्यानेही म्हटलं नसतं.

धुरपताबाई ढिगाऱ्यापाशी गेली. सासऱ्याच्या हाताची बोटं उमटलेलं एक ढेकूळ तिला सापडलं. ते पदरात घेऊन ती रडली. घर वाचलं म्हणून की भिंत गेली म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

वीरुपाक्षाने झरीचं शून्य खोडलं आणि एक लिहिलं. पाटलाचा दाखला जोडून परवान्याचा कागदही पुढे सरकवला. पडली कशी, असं कुणी विचारलं तर काय बोलायचं, हे तो रात्रंदिवस घोकत राहिला. शिपायाने हाक मारली की ते उत्तर आधी ओठांवर येई. दिवाळी गेली, संक्रांत गेली. परवाना झाला, आकडा मुंबईला गेला. कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा झरीला गेला. गल्लीतल्या जुन्या भिंती होत्या तिथेच होत्या. उलट लोकांनी त्यांना टेकू दिले होते, वरून गिलावा केला होता. धुरपताबाईच्या घराकडे कुणी फारसं फिरकत नव्हतं. सरकारचं लक्ष असलेल्या घरी कशाला जा, असं लोक म्हणत. तेवढं एकच घर भिंतीच्या आडोशाशिवाय रस्त्याला तोंड करून होतं. ओट्यावर कडूबाई लेकराला पाजत होती.

"या साहेब," धुरपताबाईने घोंगडी अंथरली. चहाची कपबशी त्याच्या हातात देऊन तिने हळूच विचारलं, "कुनी इचारलं का?"

"न्हाई. तुमाला?"

"न्हाई बा. पर झोप लागत न्हाई अजून."

"मलाबी," वीरुपाक्ष म्हणाला.

एवढ्यात रस्त्याच्या वळणावर जीपचा आवाज आला. सरकारीच असणार, गावात दुसरी जीप कुणाची येते? समोरचं दार खाडकन लागलं. कडूबाई लेकराला छातीशी धरून आत पळाली. वीरुपाक्षाने बशी दोन्ही हातांनी धरली. पण तो उठला नाही. धुरपताबाईही उठली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती ओट्याच्या कडेला, रस्त्यावरून दिसेल अशी सरकून बसली.

जीप समोर आली, थोडी हळू झाली आणि जिंतूरकडे निघून गेली.

"च्या निवला," धुरपताबाई म्हणाली. "दुसरा टाकते."