पाच लेकरं जमल्याशिवाय

मित्रांनो, लस थंड ठेवणारा मी एक जुना निळा डबा. नवा होतो तेव्हा पोटात बर्फाचे चार पॅक घेऊन कोडोलीकडच्या वस्त्यांवर ऐटीत जायचो. टोचून झालं की आया "बरं झालं बाई!" म्हणायच्या. तेवढ्यावर मी पुढचं गाव गाठायचो.

आता मात्र शिसारी येते. गोवराच्या लशीच्या एका बाटलीत बऱ्याच लेकरांचे डोस असतात आणि फोडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते. एक लेकरू आलं तरी ती फोडायची, असं वरून सांगितलेलं आहे. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब कोण देणार? म्हणून आमच्या पूर्णिमा सिस्टरनी स्वतःचाच कायदा केला. पाच लेकरं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही.

शेजारच्या वस्तीवर गोवर निघाला होता. तिथली संघप्रिया शेतातल्या भांगलणीच्या मजुरीचा खाडा करून आपल्या नऊ महिन्यांच्या सार्थकला घेऊन दोन बुधवार आली आणि तशीच परत गेली. ती वळते न वळते तोच सिस्टरनी माझ्या झाकणावर कागद ठेवून मातांच्या समाधानाचा तक्ता भरला. संघप्रियाच्या नावापुढे खूण केली, 'अतिशय समाधानी'. थू! लाज माझी मलाच वाटली.

तिसऱ्या बुधवारीही ती एकटीच होती.

"पुढच्या बुधवारी ये गं," म्हणत सिस्टर मला उचलायला वाकल्या. तशी संघप्रिया लेकराला घेऊन माझ्यावरच बसली.

"बाटली फोडल्याबिगर मी उठत न्हाय."

"एकट्यासाठी एवढे डोस वाया घालवू व्हय?"

"मग माझं पोरगं वाया घालवतासा व्हय?"

"ऊठ, फोडते," म्हणत सिस्टरनी माझं झाकण उघडलं. बाटली फुटली. सार्थकनं टाहो फोडला आणि मला हायसं वाटलं.

तेवढ्यात संघप्रियाला टेबलावरचा तक्ता दिसला. "हे मी कवा सांगितलं?" असं म्हणून तिनं खूण खोडली आणि लिहिलं, 'तीन खेपा घातल्यावर लस मिळाली.'

ती गेल्यावर सिस्टरनी तो कागद फाडला, कोरा घेतला आणि पुन्हा तीच खूण केली. माझ्याच झाकणावर.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलंत तर उपकार होतील. पण माझी खरी काळजी असेल तर एवढंच करा. दारात आलेलं एकही लेकरू तसंच परत पाठवून माझं झाकण लावू नका.